खळ्यावर न विचारलेला प्रश्न

पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुलं रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. त्यांतल्या समाजशास्त्र घेतलेल्यांच्या वहीत ‘जजमानी पद्धती’ या मथळ्याचं एक टिपण हमखास सापडतं. मुद्दे ठरलेले: जातींचं परस्परावलंबन, पिढीजात नाती, पैशाऐवजी धान्यात मोबदला, प्रत्येकाच्या पोटापाण्याची हमी आणि त्यातून टिकलेलं गावाचं ऐक्य. टिपण पाठ करणारा मुलगा सोलापूर किंवा हिंगोलीकडच्या एखाद्या गावचा असतो. त्याच्या पणजोबांनी याच व्यवहारात धान्य मोजून दिलेलं असतं, नाहीतर पाटी घेऊन खळ्याच्या कडेला वाट पाहत उभं राहिलेलं असतं. घरात या आठवणी निघतात तेव्हा ऐक्य वगैरे कुणी बोलत नाही. पण उत्तरपत्रिकेत घरचं लिहून चालत नाही, गुण टिपणाला मिळतात.

हे टिपण मूळचं उत्तर प्रदेशातलं. विल्यम वायझर हे अमेरिकन मिशनरी आणि त्यांच्या पत्नी शार्लट १९२५ साली मैनपुरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायला गेले. त्या खेड्याला त्यांनी ‘करीमपूर’ असं टोपणनाव दिलं. पाच वर्षं तिथे काढल्यावर विल्यम यांनी कोण कुणाचं काय काम करतो आणि त्याबद्दल कुणाला काय मिळतं, याची बारीक नोंद केली. गावात २४ जाती होत्या. सुतार, न्हावी, धोबी, कुंभार, भंगी, पुरोहित अशा प्रत्येकाची घरं बांधलेली होती, देणंघेणं ठरलेलं होतं. १९३६ साली ‘द हिंदू जजमानी सिस्टिम’ हे त्यांचं पुस्तक निघालं. त्याचा गाभा असा, की इथे प्रत्येकजण आळीपाळीने मालक आणि सेवक होतो. न्हावी सुताराची दाढी करतो, सुतार न्हाव्याचं दार दुरुस्त करतो. कागदावर हे चक्र फार देखणं दिसतं.

त्या काळचं समाजशास्त्र अशा चक्रांच्या प्रेमात होतं. समाज हे एक शरीर आणि प्रत्येक प्रथा हा त्याचा अवयव, तेव्हा अवयवाचं कार्य शोधून काढलं की अभ्यास पुरा झाला, अशी धारणा होती. शिवाय त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८३० साली, चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने भारतीय खेड्यांना छोटी स्वयंपूर्ण प्रजासत्ताकं म्हणून ठेवलं होतं. पुढे हेन्री मेन आणि मार्क्स यांनी आपापल्या कारणांसाठी ते चित्र उचललं, राष्ट्रीय चळवळीनेही उचललं. स्वयंपूर्ण खेडं आधीच तयार होतं. वायझर यांनी त्याला आतली यंत्रं बसवून दिली.

गंमत अशी, की वायझर दांपत्याने १९३० साली ‘बिहाइंड मड वॉल्स’ नावाचं दुसरं, गोष्टीवेल्हाळ पुस्तक लिहिलं होतं. त्यातलं करीमपूर इतकं गुण्यागोविंदाचं नाही. तिथे गावातले पुढारी दुबळ्यांना कसे धाकात ठेवतात आणि मातीच्या भिंतींआड माणसं कशाकशाला भिऊन असतात, हे दिसतं. माणसं तीच, गाव तेच, पाहणारेही तेच. शास्त्र लिहायला बसल्यावर धाक गळाला आणि चक्र उरलं.

आता आपल्याकडचं खळं पाहू. सुगी झाली, कणसं खुडून आली, तिवड्याभोवती बैल फिरून मळणी झाली, वारा पाहून उफणणी झाली आणि दाण्याची रास पडली, की तिच्यावर हक्क सांगणारे जमू लागत. सुताराने वर्षभर नांगर, पाभर, कुळव यांची डागडुजी केलेली. लोहाराने फाळ शेवटलेले, चांभाराने मोट सांधलेली. परीट, न्हावी, कुंभार, गुरव, जोशी, कोळी, मुलाणी, मांग, महार असे सगळे यायचे. हे गावचे बलुतेदार, त्यांचा वाटा म्हणजे बलुतं. बारा हा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण बारांत कोण हे गावागणिक बदलायचं. कुठे सोनार आत, कुठे बाहेर. थोरली, मधली, धाकटी अशा ओळी लावलेल्या आणि ज्याच्या त्याच्या ओळीप्रमाणे वाटा. काही उभ्या पिकातल्या पेंढ्यांवर, काही राशीतल्या पायल्या-अधोल्यांवर. त्यानंतर अलुतेदार, मग गोंधळी, वासुदेव, फकीर, गोसावी. कुणब्याच्या घरी पोतं पोहोचायच्या आत राशीचा केवढा तरी भाग रानातच वाटला जायचा. सारा आणि सावकार त्यानंतर.

हे सगळं त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या पुस्तकात मांडून ठेवलं आहे. आत्रे प्राध्यापक नव्हते, महसूल खात्यात नोकरी केलेले गृहस्थ होते. वायझर यांच्या पुस्तकाच्या २१ वर्षं आधी, मराठीत, गावाच्या अर्थव्यवहाराचा इतका तपशीलवार आराखडा लिहिला गेला होता. पण जगातल्या विद्यापीठांत करीमपूर शिकवलं गेलं, ‘गावगाडा’ नाही. भाषेचा मामला.

आत्र्यांना हे चक्र देखणं वाटत नाही. त्यांची तक्रार अशी, की वतन पिढीजात असल्यामुळे काम चुकवलं, लांबवलं, वाईट केलं तरी वाटा जात नाही आणि दुसरा कारागीर आणायची कुणब्याला सोय नाही. त्यांच्या मते गावगाड्याचा सगळा भार एका कुणब्याच्या मानेवर आहे. त्यांच्या आधी सुमारे ३० वर्षं जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच शेतकऱ्याच्या राशीकडे पाहिलं होतं, आणि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक निमित्ताने जोशी-भट तिच्यातून काय काय नेतात याचा पाढा वाचला होता. तेव्हा कुणब्याच्या बाजूने पाहिलं, की बलुतं म्हणजे न संपणारा तगादा. आत्र्यांचे महार-मांगांविषयीचे शेरे मात्र आजच्या वाचकाला खटकतात. त्यांनी खळं पाहिलं ते राशीच्या मालकाच्या अंगाने. पाटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी फारसं विचारलेलं दिसत नाही.

त्या माणसाला विचारलं असतं तर यादी पुरती वेगळी निघाली असती. सुताराचं काम ठरलेलं होतं, लाकडाचं. महाराच्या कामाला हद्द नव्हती. गावाची वेस राखायची, शेतांच्या आणि गावाच्या सीमा दाखवायच्या, तंट्यात साक्ष द्यायची, साऱ्याची रक्कम तालुक्याला पोहोचवायची, फिरतीवर आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला गवत आणायचं, पाटलाची लाकडं फोडायची, मयताचा सांगावा घेऊन भर उन्हात दहा कोस जायचं, मेलेलं जनावर ओढायचं. दया पवारांनी १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’मध्ये ही कामं एकामागून एक सांगितली आहेत आणि पुस्तकाचं नावच ते ठेवलं आहे. या कामांबद्दल खळ्यावरचा वाटा, घरोघरच्या भाकरी आणि वतनाची थोडी जमीन. इंग्रज सरकारने या व्यवस्थेला १८७४ च्या वतन कायद्याने शिक्का दिला, म्हणजे परंपरेच्या पाठीशी मामलेदार उभा राहिला.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात हा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणलं, तेव्हा त्यांचा रोख नेमका इथे होता. महार वतनदार चोवीस तासांचा बांधलेला नोकर आहे, तो घरी नसला तर त्याच्या घरच्यांना कामाला जुंपलं जातं, आणि मोबदला म्हणावा तर सरकारकडून जवळजवळ काही नाही, रयतेच्या मर्जीवर जे मिळेल ते. त्यांची मागणी साधी होती: कामं कोणती ते ठरवून द्या, मोबदला सरकारने वसूल करून द्यावा, आणि ज्याला वतन सोडायचं आहे त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळं होता यावं. विधेयक पार पडलं नाही.

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म त्या तिसऱ्या मागणीत आहे. वायझर यांच्या तक्त्यात कोण काय देतो आणि कोण काय घेतो याचे रकाने होते. ‘नाही म्हटलं तर काय होतं’ हा रकाना नव्हता. सुतार नाही म्हणाला तर कुणबी दुसऱ्या गावच्या सुताराकडे जाऊ शकत नसे, म्हणजे नकाराची ताकद थोडीफार सुतारापाशी होती. जोशी नाही म्हणाला तर लग्न अडे. आणि महार नाही म्हणाला तर? त्याचं उत्तर १९२७ नंतर कागदोपत्री मिळतं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये महाडला झालेल्या परिषदेत मेलेली जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडण्याचा निर्धार झाला, आणि पुढच्या काळात गावोगावी तो अमलात येऊ लागला. तसे बहिष्कार सुरू झाले. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने (आंबेडकर तिचे सदस्य होते) १९३० च्या अहवालात या बहिष्काराचं वर्णन केलं आहे. शेतमजुरी बंद, वाण्याचं दुकान बंद, रस्ता बंद, कसायला दिलेली जमीन काढून घेतली. ज्याच्यापाशी जमीन आहे त्याला नकार परवडतो. ज्याचं सगळं पोट गावाच्या हातात आहे, त्याच्या ‘परस्परावलंबना’त परस्पर असं काही राहत नाही.

म्हणूनच ज्यांना बाहेरची वाट मिळाली त्यांनी आधी नाही म्हटलं. लष्कर, रेल्वे, मुंबईच्या गिरण्या आणि गोदी, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना. गावच्या खळ्यावर ज्याचं पोट अवलंबून नव्हतं, त्याच्या मुलाने चळवळीची पत्रकं वाचली आणि गावी येऊन भावाला सांगितलं, की आता ढोर ओढायचं नाही.

विद्यापीठांना हे कळायला वेळ लागला, पण कळलं. टी. ओ. बायडलमन यांनी १९५९ साली जजमानीवरचं उपलब्ध लेखन एकत्र तपासून लिहिलं, की हे चक्र नाही, उतरंड आहे, आणि तिच्या मुळाशी जमिनीची मालकी आहे. हे बायडलमन पुढे आफ्रिकेचे अभ्यासक म्हणून नावाजले. भारतातल्या खेड्यात राहून नव्हे, तर इतरांचे अहवाल वाचून त्यांनी हे काढलं होतं. म्हणजे गावात पाच वर्षं राहिलेल्याला जे लिहिता आलं नाही, ते ग्रंथालयात बसलेल्याला लिहिता आलं. सिद्धांत आणि जगणं यांतल्या अंतराचा दोष आपण पटकन ‘हस्तिदंती मनोऱ्या’वर टाकतो. इथे तो हिशेब जुळत नाही. गावात जाणं पुरेसं नसतं. गावात गेल्यावर कुणाच्या ओसरीवर बसलात आणि काय विचारलंत, त्यावर पुढचं ठरतं.

एम. एन. श्रीनिवास यांच्यासारख्या जाणत्या माणसालाही हे चुकलं नाही. म्हैसूरजवळच्या रामपुरा (हेही टोपणनाव) या गावात त्यांनी १९४८ साली काम केलं. १९७० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये त्यांच्या कार्यालयाला आग लावली गेली आणि नीट लावून तयार केलेली टिपणं जळाली, तेव्हा त्यांनी बरंचसं आठवणीतून ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ लिहिलं. ‘पुस्तकी दृष्टी’ आणि ‘क्षेत्रदृष्टी’ यांतला फरक भारतीय समाजशास्त्राला शिकवणारे तेच. तरी गावात ते मुखियाच्या आश्रयाने राहिले होते, आणि आपल्याला दिसलेलं गाव बऱ्याच अंशी वरच्या जातींच्या नजरेतलं होतं, हे त्यांनी पुस्तकात लपवलेलं नाही. १९७४ साली जोन मेंचर यांनी तमिळनाडूतल्या कामाच्या आधारे जातिव्यवस्था खालून वर पाहिली, की श्रद्धा आणि शुद्धाशुद्धतेची भाषा मागे पडते आणि पिळवणूक पुढे येते, असं मांडलं. त्या वेळी लुई द्युमाँ यांच्या शुद्धाशुद्धतेच्या सिद्धांताचा जोर होता, त्यामुळे वाद पेटला.

इतिहासकारांनी तर पायाच हलवला. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकांनी अठराव्या शतकातले मराठी कागद वाचून दाखवलं, की दख्खनचा बलुतेदार एकेका यजमान घराशी बांधलेला नव्हता. तो सबंध गावाचा नोकर होता, त्याचा हक्क म्हणजे वतन होतं, आणि वतनाची वाटणी, खरेदी-विक्री, तंटे सगळं चाले. ख्रिस्तोफर फुलर यांनी १९८९ साली त्याच्या पुढे जाऊन विचारलं, की ‘जजमानी पद्धती’ नावाची भारतभर एक गोष्ट होती तरी का? राशीतला वाटा हा राजसत्तेपासून गावापर्यंतच्या हक्कांच्या साखळीचा भाग होता, आणि गावात पैसाही पूर्वीपासून खेळत होता. या मांडणीनुसार पैशाविना चालणारं, स्वतःपुरतं, सनातन खेडं बऱ्याच अंशी अभ्यासकांच्या टेबलावर तयार झालं. हे छापून आल्याला साडेतीन दशकं उलटली. अभ्यासिकेतलं टिपण जागचं हललेलं नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सिद्धांत टाकून द्या आणि लोकांचं ऐका. पण लोकही एका तोंडाने बोलत नाहीत. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये येसकराची, म्हणजे वेस राखणाऱ्या महाराची, पाळी आलेल्या माणसाचं वर्णन केलं आहे. घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडं आणि चालण्यात एक ऐट. पाळी म्हणजे मान. महारांच्या बावन्न हक्कांची आख्यायिका बेदरच्या बादशहापर्यंत नेऊन अभिमानाने सांगितली जाई. वतन सोडा म्हणणाऱ्या आंबेडकरांना आपल्याच समाजातल्या माणसांचीही समजूत घालावी लागली, कारण वतनाची जमीन, कितीही तोकडी असली, तरी गावात पाय रोवायला तेवढीच जागा होती. नुसतं ‘शोषण’ म्हटलं, की ही ऐट आणि हा हट्ट समजत नाही. नुसतं ‘परस्परावलंबन’ म्हटलं, की बहिष्कार समजत नाही.

आणि त्याच बेबीताई सांगतात, की येसकराच्या त्या ऐटीच्या मागे घरात सुना कशा राबत आणि उपाशी निजत. हा भाग दोन्ही बाजूंच्या सिद्धांतांतून निसटतो, कारण त्यांचं एकक जात आहे किंवा कुटुंब. बलुतं महाराला मिळे, पण कोंड्याची भाकरी करणं सुनेच्या वाट्याला येई. परटाचं काम म्हणून नोंद होई त्यातलं निम्मंअधिक परटिणीचं. गावच्या बाळंतपणांचं काय, हे तर तक्त्यात शोधूनच काढावं लागतं. बऱ्याच गावांत मांगीण सुईणीचं काम करी, आणि तिचा वाटा तिच्या नवऱ्याच्या हक्कात जिरून जाई.

बलुतं मोडलं ते एका घावात नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीची कामं सोडण्याची लाट आली. १९५८ साली कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्याने रद्द झाली. लोखंडी नांगराने सुताराचं काम खाल्लं, पंपाने मोट गेली आणि मोटेबरोबर चांभाराची पाटी. काही गावांत न्हावी वर्षाच्या धान्यावर काम करत राहिला, तोही आता पैसे घेतो आणि तालुक्याला दुकान टाकतो. ज्याच्या कामाला बाहेर भाव होता तो सुटला आणि बरा राहिला. ज्याच्यापाशी जमीनही नव्हती आणि भाव असलेलं कसबही नव्हतं, तो मजूर झाला.

त्या मजुरांचे नातू-पणतू आणि दुष्काळाने कंगाल केलेल्या कुणब्यांचेही, आज बीड, अहिल्यानगर, जालना भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. इथेही एक नवा देखणा सिद्धांत हजर आहे. मुकादम मजुराला आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. अर्थशास्त्रातला एक मोठा प्रवाह अशा व्यवहाराकडे दोघांच्या सोयीचा करार म्हणून पाहतो: मजुराला अडचणीच्या वेळी पैसा, कारखान्याला हंगामभर हात. देण्याघेण्याचे रकाने पुन्हा भरलेले. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, हिशेब जोडीचा होतो, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. बाई आजारी पडली, पाळीच्या दुखण्याने एक दिवस फडात उतरली नाही, तर ‘खाडा’ लागतो आणि त्याची रक्कम उचलीवर चढते. बीड जिल्ह्यातल्या तरुण बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ साली विधिमंडळात पोहोचली, सरकारने समिती नेमली, तेव्हा बायकांच्या बोलण्यात हा खाडा वारंवार येत होता. उचलीच्या कागदावर त्या बाईचा अंगठा बहुधा नसतो. हंगामाच्या मध्यावर ती ‘नाही’ म्हणाली तर काय होईल, हे मुकादमाला ठाऊक असतं, तिला ठाऊक असतं, आणि कराराच्या गणितात त्याला अजून रकाना नाही.